पाच चांदण्यांचा मेव्हणा

माझ्या मेव्हण्याइतका हट्टी माणूस शिरूर आन् दौंड दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. जो खेळ साऱ्या जगानं शिव्या देऊन फोनमधून काढून टाकला, तो यानं सात वर्षं छातीशी धरला. कुरकुंभच्या औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर, पन्नाशी गाठलेली, डोक्याला टक्कल, आन् सुट्टीच्या दिवशी निमोण्याला आमच्या ओट्यावर बसून फोनमध्ये गड लढवायचा. कुठकुठची माणसं आपापल्या फोनवरून त्या खेळात यायची. निम्मी गडावर, निम्मी खाली गड घ्यायला.

खेळ जन्मालाच अशक्त. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी लोटली की सर्व्हर बसला. उघडला तर आत लबाड घुसले, भिंतीतून आरपार गोळ्या मारणारे. त्यांना हाकलताना खेळाच्या कंपनीनं चांगलेही हाकलले. पुढं नवं रूप आणलं, त्यात गड गुलाबी. लोकांनी पाचातली एकेकच चांदणी देऊन खाली कंपनीची आयमाय उद्धारली. याच्या मात्र दर वेळी पाच चांदण्या, आन् खाली ग्रामपंचायतीला करावा तसा अर्ज : 'मा. साहेब, विषय : सर्व्हर बंद पडणेबाबत. आम्ही आपल्या पाठीशी आहोत. कळावे.' मी म्हणालो, "अरे, त्या कंपनीला मराठी तरी येतं का?" तर म्हणतो, "दाजी, ग्रामपंचायतीला येतंय की. ती कुठं उत्तर देती?"

माझी बायको याची थोरली बहीण. तिलाही यानं गडावर नेलं. काम सोपं, फाटक सांभाळायचं. पण तिनं जन्मात कुणाला दारात उभं ठेवलं नव्हतं. शत्रू आला की बटण दाबून फाटक उघडायची.

"आक्का, दुश्मन हायेत ते!"

"असंनात. उन्हाचं आल्यात."

गड पडायचा. फोनमधून कुणीतरी ओरडायचं, "अरे, कौन है ये चाची?" हा छाती काढून सांगायचा, "मेरी बहन है. वो गेट पेच रहेगी." इतक्या वर्षांत यांचा गड एकदाही टिकला नाही, आन् यानं तिला फाटकावरून हलवलं नाही.

मागल्या साली ती गेली. तिचा फोन मी कपाटात टाकला आन् तिचा विषय बंद केला. औंदा कंपनीनं खेळ कायमचा बंद होणार म्हणून कळवलं. त्या दिवशी मेव्हणा रजा टाकून भर दुपारी आला.

"दाजी, चारला बंद होणार. आक्काचा फोन काढा. एकदा तरी गड राखू, तिच्या नावानं."

फोन चार्ज केला. फाटकाशी तिची बाहुली तशीच उभी होती, हिरवा शेला घेऊन. मला काही सुधरेना.

"कुठलं बटण दाबू?"

"एकच हाय. ते दाबायचं न्हाई, एवढंच तुमचं काम."

बाकी खेळणारे कवाच पांगलेले. चार वाजायला थोडं कमी असताना फाटकाबाहेर एकच शत्रू आला. मारीना, बोलेना, नुसता उभा.

"दाजी, न्हाई हां!"

मी बटण दाबलं.

पडदा काळा झाला तेव्हा मेव्हणा नाक पुसत त्या फोनलाच म्हणाला, "परत हारलो की गं, आक्का."

आताही सुट्टीला येतो, पण पायरीवरच थांबतो, खिशातला फोन चाचपत. त्याला आत बोलवायचं काम तिचं होतं. मला ते कधी जमलं नाही. परवा मात्र मीच म्हणालो, "ये आत. उन्हाचा आलायस."