बिनगोडाची तेरवी

नाव : श्रीमती नलिनी उकंडाजी भोयर, प्रचलित नाव नलूबाई. राहणार : राळेगाव, जिल्हा यवतमाळ. वय : आधार कार्डाप्रमाणे सदुसष्ट, आधार कार्डावर सदर महिलेचा विश्वास नाही. शिक्षण : सातवी, पास की नापास, याबाबत पुरावा उपलब्ध नाही. व्यवसाय : निरंक. पद : सदस्य (महिला राखीव), कर्करोग साहाय्य मंडळ. कार्यक्षेत्र : ज्या घरी मयत झाली आहे ते घर. तक्रारी : आहेत.

तक्रारींचं स्वरूप बहुतेक एकच. घरातला माणूस जातो, राख सावडून होते, रडून रडून घसे बसतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी नलूबाई येते. बायकांमध्ये बसते. गेलेल्याबद्दल दोन चांगले शब्द बोलते. माणूस कसाही असो, तिला दोन सापडतात. मग विचारते, "तेरवीले गोड काय करून राह्यले?"

कोणी बुंदी सांगतं, कोणी जिलेबी. घर मोठं असेल तर दोन्ही.

"नोका करू," नलूबाई म्हणते. "गोडाचा जो खर्च हाये, तो मंडळाले द्या. लोकं वरण-भात अन् वांग्याची भाजी खाऊन जातीन. तुमच्या मानसासाठी येतीन ते. बुंदीसाठी येनारे असतीन, त येऊच नाही."

अशा रीतीने तीसेक वर्षांत राळेगाव, कळंब आणि आसपासच्या खेड्यांतल्या कित्येक तेरव्या गोडावाचून उरकल्या. आता 'बिनगोडाची तेरवी' म्हटलं की लोकांना कळतं. जावई लोकांना ती आवडत नाही.

याची सुरुवात नवऱ्यापासून झाली. उकंडाजी भोयर तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. गालात जखम झाली तेव्हा तुकडा काढून तपासायला नागपूरला न्यायचं ठरलं. नलूबाई चार घरी हात पसरून आली. चारही घरी सहानुभूती मिळाली. शेवटी गालाची जखम गालाबाहेर आली, मग तपासायची गरज उरली नाही. तेरवीला मात्र त्याच चार घरांतून बुंदीची पातेली आली, न मागता. नलूबाईनं त्या दिवशी पंगतीत उभं राहून विचारलं, "हे पातेले दिवाळीत कुठं होते?" उकंडाजी दिवाळीत जिवंत होते. पंगतीनं खाली मान घालून बुंदी संपवली. पण पंगतीत कापसाच्या जिनिंगवाले सदाशिवराव होते, त्यांनी घास खाली ठेवला. मंडळ त्या घासातून निघालं.

पहिली वर्षं मंडळाने नागपूरचं शेक देणं (म्हणजे रेडिएशन), गाडीभाडं, तिथली खोली असं सगळं भागवलं. पुढे सरकारी योजना आली आणि ऑपरेशनचा भार तिच्यावर गेला. लोकांना वाटलं, आता मंडळ मिटणार. पण योजना रोग्याला ओळखते, संशयिताला नाही. रोग आहे हे सिद्ध करा, मग या. सिद्ध करायचा खर्च ज्याचा त्याने बघावा. मंडळ तेव्हापासून तेवढंच करतं : सिद्ध करून देतं. बायोप्सी, स्कॅन, जायची गाडी आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी.

मंडळाला एकच कडक नियम आहे आणि तो नलूबाईचा. एका कोषाध्यक्षाने मेव्हण्याच्या मूळव्याधीला कर्करोगाचा दर्जा मिळवून दिला, त्या वर्षी तिने तो करायला लावला : मंडळाच्या माणसाला मंडळाचा पैसा नाही. सगळ्यांनी हात वर केले. मेव्हणा बरा आहे.

खरी अडचण नियमाची नव्हती, पैशाच्या जातीची होती. हा पैसा तेरवीचा. मेलेल्याच्या पानातला. तो आजाऱ्याच्या अंगाला लावला की आजारी त्याच वाटेनं जातो, असं बऱ्याच घरांत मानतात. मोठ्यानं कोणी म्हणत नाही, नुसतं "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणतात. पुढचा महिना गाठीला मानवतो.

नलूबाईच्या शेजारी वच्छलाबाई राहते. तिची सून, राजदीपची बायको दीपा, घरी मशीनवर ब्लाउज शिवते. दीपाच्या छातीत गाठ आली. नलूबाई गेली, तर वच्छलाबाई दारातच उभी.

"आमच्या सुनेले मढ्याचा पैसा नाही लावाचा."

"पैशाले मढं चिकटलं नसते वं."

"तुले काय जाते सांगाले? तुवा सवता घेतला काय कधी?"

मंडळाच्या माणसाला तो घेता येत नव्हता. नियम तिचाच होता. ती आत दीपाजवळ जाऊन बसली आणि गाठ कशी पाहायची ते पदराआड स्वतःवर दाखवू लागली : चार बोटं सपाट ठेवायची, दाबायचं, गोल फिरवायचं. हे तिने शेकडो बायकांना दाखवलं होतं. दाखवणं आणि पाहणं यात फरक आहे, हे इतक्या वर्षांत तिच्या लक्षात आलं नव्हतं. बोटं डाव्या काखेजवळ गेली आणि थांबली.

"काय झालं, मावशी?" दीपानं विचारलं.

"काही नाही," नलूबाई म्हणाली. मग बोटं परत तिथेच नेऊन, "काही नाही कायले म्हनू? मलेही हाये."

मुलगा अमर नागपूरला नोकरी करतो. फोनवर गाठीचं ऐकून तो म्हणाला, "मी रविवारी गाडी घेऊन येतो. चांगल्या दवाखान्यात दाखवू. आई, सध्या कोनाले सांगू नको."

"म्या सांगतलं."

"कोनाले?"

"आठवडी बाजारात गेलती."

"अन् पैसे मी भरीन."

"तू नाही भरनार. तुवा भरले त इथल्या बाया काय म्हनतीन? नलूबाईनं लोकाईले तेरवीचे पैसे लावले अन् सवतावर पाळी आली त पोराचे काढले. ते दीपा मंग मेली तरी तपासाले उठत नाही. मले बरं व्हाचं हाये, पन हळूच नाही."

अमरने समजूत घालून पाहिली. तो जन्मापासून हेच करत आला आहे, त्यामुळे त्याने फार वेळ घालवला नाही.

मंडळाची बैठक जिनिंगच्या मागच्या खोलीत भरते. सदस्य आत सतरंजीवर, पेशंट बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. सदाशिवराव आता ऐंशीला आले, अजून अध्यक्ष तेच. सचिव इंद्रजीत, वकिली शिकलेला, त्याने मंडळाला लॅपटॉप आणि घटना या दोन्ही गोष्टींची सवय लावली. नलूबाईनं आपलं प्रकरण मांडलं.

"काकू," इंद्रजीत म्हणाला, "नियम तुमचाच आहे."

"म्हनूनच मी मंडळात नाही आता. सोडलं."

"राजीनामा लेखी लागतो. अन् तो सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावा लागतो. सभेची आगाऊ नोटीस..."

"नोटीस गाठीले देशीन काय बे? तिले म्हन, थांब जराशी, सभा व्हाची हाये."

"बाई," सदाशिवराव म्हणाले, "तुमच्या पोराजवळ पैसे हायेत ना?"

"हायेत. म्हनूनच नको. सदाशिवराव, तुम्ही घास ठेवला होता पंगतीत, म्या पाह्यला होता. तुमच्या घरच्या तेरवीचा पैसा कोनाले लागला, त्याची तुमाले लाज वाटली काय कधी?"

"लाज कायची?"

"मंग मले काहून वाटन? जे मी लोकाईच्या अंगाले लावलं, ते माह्या अंगाले लागलं पाहिजे. सगळ्याईच्या डोयासमोर."

एवढं बोलून ती उठली, सतरंजीवरून चपलेत गेली आणि बाहेरच्या बाकावर, एका म्हाताऱ्याला सरकायला सांगून, बसली.

आत इंद्रजीत घटना चाळत होता. सदाशिवरावांनी चष्मा पुसला.

"बाहेर कोन बसलं हाये, इंद्रजीत?"

"नलूकाकू."

"म्या नाव नाही इचारलं. पेशंट हाये काय?"

"...आहे."

"सतरंजीवर हाये की बाकावर?"

"बाकावर."

"मंग बोलाव नंबरानं."

नंबर तिसरा होता. नलूबाई थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वच्छलाबाईच्या अंगणात उभी राहिली आणि आळीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "वच्छले, तुह्या दिराच्या तेरवीची बुंदी वाचली होती ना, त्याच्यावर चालली मी नागपूरले. मेली त तुवा जितलं. पन मी मराले नाही चालली."

वच्छलाबाईनं तोंडाला पदर लावला. मागून दीपा आली, पायात चपला, हातात पिशवी.

"तू कुठं?" सासू म्हणाली.

"मावशीच्या संग."

"राजदीपले इचारलं काय?"

"त्याईले गाठ असती त त्याईनं मले इचारलं असतं काय?" दीपा म्हणाली. एवढं ती सासूसमोर पहिल्यांदाच बोलली असावी, कारण त्यानंतर दोघीही जरा घाबरल्या. नलूबाई घाबरली नाही. तिला बस गाठायची होती.

बसमध्ये कंडक्टरनं ओळखून विचारलं, "काय मावशी, आज कोनाले नेऊन राह्यल्या?"

"मलेच," नलूबाई म्हणाली. "कॅन्सर हाये का पाहाचा हाये." पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीकडे सरकला. नलूबाईनं त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "भाऊ, सरकू नोका. लागत नाही तो. खर्रा खाता ना तुम्ही? त्यानं लागते."

रिपोर्ट आले. दीपाची गाठ साधी निघाली. नलूबाईची नाही. योजनेने ऑपरेशन केलं, केमो सुरू झाली. मोहल्ल्यातल्या तीन बायका पाठोपाठ तपासायला गेल्या. त्यांतल्या एकीला वच्छलाबाईनं स्वतः बसस्टँडवर सोडलं आणि हे कोणाला सांगू नको म्हणाली.

मंडळाच्या वार्षिक अहवालात इंद्रजीतने नोंद केली आहे : 'श्रीमती नलिनी भोयर यांनी वैद्यकीय कारणास्तव राजीनामा दिला असून तो सर्वसाधारण सभेच्या विचाराधीन आहे. सदर लाभार्थी सध्या वैद्यकीय सल्ल्यानुसार पूर्ण विश्रांती घेत असून मंडळाच्या निधीसंकलनाशी त्यांचा कोणताही संबंध नाही.'

अहवाल छापून आला त्या दिवशी नलूबाई डोक्याला रुमाल बांधून कळंबला एका घरी बसली होती. त्या घरी जिलेबी झाली नाही.