सर्किटांसाठी सोपी जागा

डोंबिवलीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी बसलेलो. माझा फोन फोटोंनी भरला होता आणि तो रिकामा करणं बायकोच्या मते माझ्या बुद्धीपलीकडचं होतं. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते, त्यांचा पाण्यात पडलेला फोन समोर उघडून ठेवलेला. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची, रेडिओंची सर्किटं, म्हणजे जोडणीच्या आकृत्या, त्यांनी जन्मभर जमवलेली. शौकिनांना मिळावीत म्हणून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि मूळ कागद रद्दीत घातले.

"भाचा वेबसाइट सांगत होता हो. पण तिथे पासवर्ड! हे सोपं वाटलं," ते मला म्हणाले. बोलताना त्यांची दोन बोटं हवेत आवाजाचं बटण फिरवत होती.

आता बरेच महिने उलटल्यामुळे ग्रुपवरचे ते फोटो कुणाकडेच उघडत नव्हते. पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागा, एवढंच दिसायचं. मग लोक यांच्याकडेच मागायचे, आणि यांचे फोटो होते फक्त या भिजलेल्या फोनात.

"काका, गेला हा. यातनं काही निघणार नाही," दुकानदार म्हणाला.

मी आपलं समजूत घालायला म्हटलं, "अहो, ग्रुपमधल्या कुणीतरी उतरवून घेतली असतीलच की."

"मुलाच्या फोनवरून विचारलं ना. बरेच जण गप्प. काहींनी अंगठे पाठवले, एकाने गुलाबाच्या फुलाचा फोटो." ते उठले. "तो मात्र लगेच उघडला."