आरेच्या उतारावर ताजा म्हावरा

मासळी विकणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडलं की आपलं कॅलेंडर बदलतं. सगळ्या जगाला रविवारी सुट्टी. त्याला रविवारी मरायलाही फुरसत नाही, कारण सगळं जग सुट्टीच्या दिवशी मासे खातं. आमच्या फिरण्याचे, सिनेमाचे, भांडणाचे दिवससुद्धा लोकांच्या उपासांवर ठरायचे. अंधेरी ते बोरीवली एवढी माणसं संकष्टी पाळतात म्हणून तर आमचं प्रेम वाढलं, असं मी गमतीने म्हणते, पण त्यात गंमत कमी आणि खरं जास्त आहे.

तो वेसाव्याचा कोळी. घरची एक होडी. वडील आणि मोठा भाऊ समुद्रावर, माणूस कमी पडला की हाही जातो. एरवी फोनवर ऑर्डरी घेऊन स्कूटरवरून सोसायट्यांमध्ये मासळी पोचवतो. आमची पहिली भेट आमच्याच दारात झाली. माझी आई मालवणची. तिने सुरमईचे कल्ले उघडून बघितले आणि नाक मुरडलं. त्यावर तो जे काही बोलला ते आमच्या विंगेतल्या सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. समुद्रावर वाऱ्यात बोलायची सवय झालेला आवाज तो. त्याच्या घरी दोन माणसं चहा पीत असली तरी बाहेरच्याला वाटतं मारामारी चाललीय. मी भांडण सोडवायला बाहेर आले आणि अडकले.

मी बोरीवलीची, नॅशनल पार्कच्या कुंपणाला खेटून असलेल्या सोसायटीतली. आठवडाभर पवईच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसून डोळ्यांचं वाटोळं करते आणि रविवारी उजाडता उजाडता माउंटन बाइक घेऊन आरेमध्ये असते. दिंडोशीच्या बाजूने आत शिरलं की तबेल्यांच्या मागून कच्च्या वाटा निघतात. दगड, मुळं, चिखल, मधेच ओढा. चांगला डांबरी रस्ता असताना यातून कशाला जायचं, असं लोक विचारतात. ज्याला हा प्रश्न पडतो त्याला उत्तर देऊन उपयोग नसतो. चाक मुळावरून उडतं, पुढचं वळण अंगावर येतं आणि आपण ते घेतो! बस्स. आठवड्यात ती एक सकाळ मी पुरती जागी असते.

आणि ज्याच्याबरोबर जन्म काढायचं मनात जवळजवळ ठरलं होतं, त्याने माझी ती सकाळ कधी पाहिलीच नव्हती. हे मला खुपायला लागलं. एकदा मी त्याला तसं सरळ बोलून दाखवलं.

मग श्रावण लागला. गटारीला त्याचा फोन एक मिनिट थांबला नव्हता, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या सोसायट्या अशा सोवळ्यात गेल्या की जणू कुणी जन्मात मासा पाहिला नव्हता. माझी आईसुद्धा. होड्या तर पावसाळा लागल्यापासून किनाऱ्यावरच होत्या, त्या नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिल्यावरच निघणार. म्हणजे पंधरवडाभर हा माणूस चक्क रिकामा.

"पुनवेपर्यंत रोज सकाळी येतो," तो म्हणाला. "शिकव मला. जमलं तर झकास. नाय जमलं तर तुझे रविवार तुझे, माझे बाजाराचे. त्यावरून भांडायचं नाय."

इतकं समजूतदार बोलला की मला रडू यायला लागलं. नवरा-बायको रविवारी रात्री जेवताना एकमेकांना विचारतायत, कसा गेला रे दिवस, कसा गेला गं, आणि दोघंही ऐकल्यासारखं करतायत, असं काहीतरी डोळ्यांसमोर आलं. मला ते नको होतं. अजिबात नको होतं. मी त्याला म्हटलं, "उद्या सहा वाजता. उशीर केलास तर वाट लावीन."

तो वेळेच्या आधी हजर! मी ऑफिसात पंधरवड्याची रजा टाकली होती आणि माझी जुनी बाइक त्याच्यासाठी तयार केली होती. पहिला वाद टायरवरून झाला. चिखलात टायरने जमीन पकडावी म्हणून मी थोडी हवा काढली, तर हा हबकलाच.

"ए, पंक्चर करतेस काय?"

"मऊ टायर पकडतो रे. टणक टायर दगडावरून घसरतो."

"अख्खा वेसावा टायरला अंगठा दाबून बघतो, टणक आहे का. तू काय उलटंच शिकवतेस?"

दुसरा वाद सीटवरून. उतारावर बसायचं नसतं, पेडलवर उभं राहायचं असतं, म्हणून मी सीट खाली केली. "मग सीट आहे कशाला?" असं त्याने विचारलं.

चढावर मात्र त्याने मला गार केलं. जाळी ओढून कमावलेले खांदे, मांड्या लाकडासारख्या. मी धापा टाकत वर पोचायचे तेव्हा हा वर उभा राहून म्हशी मोजत असायचा. मला वाटलं, जिंकलं आपण! आठवड्यात पोरगा तयार.

पण माउंटन बायकिंग चढावर नसतं, उतारावर असतं. आणि उतार आला की त्याचा पुतळा व्हायचा. दोन्ही ब्रेक मुठीत आवळलेले, कोपरं ताठ, नजर पुढच्या चाकाला चिकटलेली. अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत स्कूटर हाकणाऱ्याची बोटं ब्रेकवरच जन्माला येतात, हे मला कळत होतं. पण चाक अडलं की सायकल मुळावर आडवी होते, आणि ती व्हायचीच. पहिल्या दिवशी तो हसत उठला. दुसऱ्या दिवशी कमी हसला. मग पडल्यावर कपडे झटकायचंही सोडलं त्याने.

आणि मी? मी शिकवत होते म्हणजे उंटावरून शेळ्या हाकत होते. "गप्प बस, लक्ष दे! पुढे बघ! कोपरं सोड! ब्रेक सोड! अरे सोड ना!" माझा पारा तसाही लवकर चढतो. घरी आई वेगळी सुरू व्हायची. "गो बाय, तेका कित्याक चिखलात लोळवतंस? हात मोडलो तर गणपतीनंतर बांगडे कोण आणतलो?" आईला त्याच्या हाताची काळजी होती ती अशी.

एका संध्याकाळी मी वेसाव्याला गेले. होडीला रंग लावणं चाललं होतं. त्याची आई पायरीवर बसून जवळ्यासारखा बारीक सुका कोलीम निवडत होती. मला बघून म्हणाली, "पोरी, नेतंस तर ने, पन मोडून नको आनूस. पुनवेला होरीवर दोनी हात लागतान." मी हसले, पण आतून चरकले.

तिथेच मला एक हुशारी सुचली. तो खाडीत एका छोट्या होडीत उभा होता, होडी डुलत होती आणि हा कशालाही न धरता गुडघे सैल सोडून कुणाशी तरी गप्पा मारत होता. हेच तर हवंय! दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "सायकल नाही, होडी आहे असं समज." मोठ्या ऐटीत म्हटलं. तो निघाला आणि नेहमीपेक्षा जोरात आपटला.

"होडी हलते गं," तो खाली पडल्या पडल्या म्हणाला. "हे दगड हलतात कुठे?"

माझी हुशारी तिथेच संपली.

पुनव उद्यावर आली. शेवटची सकाळ. रात्री पाऊस होऊन गेलेला, आता उघडीप, झाडांवरून टपटप चाललेली आणि हिरवा वास असा की श्वास घ्यावा तेवढा थोडा. आम्ही ज्या उताराच्या वर उभे होतो त्याला आमच्या ग्रुपमध्ये घसरगुंडी म्हणतात. दोन वळणं, मधे मुळांची जाळी, खाली ओढ्याजवळ मोकळं गवत. फार अवघड नाही. पण गेले कितीतरी दिवस तो तिथे अर्ध्यावर उतरून सायकल हातात धरून खाली येत होता.

तो पेडलवर पाय ठेवायचा आणि काढायचा. ठेवायचा आणि काढायचा. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"तुला यायचंच नाहीये! नुसता माझ्या मनासाठी येतोयस. मग सांग ना तसं. पुनव झाली की सुटलास!"

त्याने हेल्मेट काढलं. "यायचंय," तो म्हणाला. "भीती वाटते यार."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा राग कुठल्या कुठे गेला. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय मात्र राहवेना. "तू तुफानात होडीवर असतोस. तिथे नाही वाटत?"

"वाटते की. सगळ्यांनाच वाटते. पण तिथं आम्ही सगळे ओरडत असतो."

एवढ्या दिवसांत मला एक गोष्ट दिसत होती आणि कळत नव्हती. ज्याचा आवाज आमच्या गेटपासून तिसऱ्या मजल्यावर येतो, तो माणूस उतारावर मुका व्हायचा. खाली पोचला किंवा पडला की चेहरा लालबुंद आणि मग पहिला मोठा श्वास. म्हणजे गडी अख्खा उतार श्वास कोंडून उतरत होता! कोंडलेल्या श्वासाने कोपरं सुटतील कशी आणि गुडघे वाकतील कसे? वर मी त्याला रोज बजावत होते, गप्प बस, लक्ष दे.

"मग ओरड," मी म्हटलं.

"काय ओरडू?"

"काहीही. जे रोज ओरडतोस ते. मासळी वीक."

"श्रावणात?"

"अरे इथे कोण बघतंय! वीक!"

तो हसला. हेल्मेट घातलं. पेडलवर उभा राहिला आणि पहिली हाक दिली, जरा लाजत, "पापलेऽऽट..." सायकल सुटली. पहिल्या वळणाला आवाज चढला, "सुरमय! हलवा! रावऽऽस!" कोपरं वाकलेली मला मागून स्पष्ट दिसली. बोटं ब्रेकवर होती, पण आवळलेली नव्हती. मुळांची जाळी आली. "ताजा म्हावराऽऽ! ताजाऽऽ!" पुढचं चाक उडालं, मागचं उडालं, हा वर-खाली झाला आणि निघून गेला, झाडांच्या आड, फक्त आवाज मागे. "कोलंबीऽऽ! घ्या कोलंबीऽऽ!" तबेल्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. दूध काढणारा एक भय्या बाहेर येऊन बघायला लागला. कुठल्याशा झाडावरून वटवाघळं उडाली. आरेच्या इतिहासात भर श्रावणात एवढी मासळी कुणी विकली नसेल.

मी वर एकटी उभी राहून उड्या मारत होते. खरोखर, दोन्ही पायांनी, हेल्मेट डोक्यावर हिंदकळतंय आणि डोळ्यांतून पाणी येतंय. जमलं! त्याला जमलं!

खालून आवाज आला, "अगं ये ना! काय बघत बसलीस?"

मी सायकल सोडली. इतकी वर्षं मी हा उतार तोंड मिटून, ओठ घट्ट धरून उतरत आले होते, ग्रुपमध्ये सगळेच तसे उतरतात. त्या दिवशी मीही ओरडले. मला मासळीची नावं आठवली ती सगळी आईच्या तोंडची, "बांगडो! पेडवे! मोरी!" आणि वळणावर मला इतकं हसू आलं की मी ओढ्याजवळच्या गवतात जाऊन लोळले. तो धावत आला. मी ठीक आहे हे बघून तोही शेजारी आडवा झाला. दोघंही चिखलाने माखलेले, दोघांचेही घसे बसलेले. त्याची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"हे तू दर रविवारी करतेस?" त्याने विचारलं.

"दर रविवारी."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"गेली दोन वर्षं सांगतेय रे माकडा."

तो हसला. उद्या पुनव. दर्याला नारळ, मग होडी पाण्यात, मग बर्फ, डिझेल, जाळी, बाजार. थोड्याच दिवसांत गणपती होतील आणि सगळ्या सोसायट्यांना एकाच वेळी मासे आठवतील. मला ते सगळं माहीत होतं. यापुढे येशील का, हे विचारायला पहिल्यांदाच मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की काय करायचं हे आत्ताच शिकून झालेलं असूनही माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

त्याने सायकल उभी केली. टायरला अंगठा दाबून बघितला, मऊ आहे ना ते. मग तोंड चढाकडे वळवलं. परत वर जायचं होतं त्याला.

"रविवारी नाय जमणार," तो म्हणाला. "पण सोमवारी बाजाराला कुत्रं नसतं."

सोमवारी सकाळी लवकर पवईच्या ऑफिसात आठवड्याची मोठी मीटिंग असते आणि ती चुकवलेली कुणाला चालत नाही. हे त्याला माहीत नव्हतं. मी गवतातून उठले, माझी सायकल उचलली आणि विचारलं, "किती वाजता येशील?"