कबुलीजबाबातला हरवलेला ‘अ’

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ती ध्वनिमुद्रित करणारे आम्ही केंद्रात आठ जण आहोत. बहुतेक निवृत्त. वेळ भरपूर, घसा अजून शाबूत. आमच्यातल्या एकींना आम्ही सगळे वाचनबाई म्हणतो. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भाषा शिकवली. कसलंही जोडाक्षर येवो, बाई अडखळत नाहीत. कायद्याची जाडजूड पुस्तकं कुणी घेईना, तेव्हा त्यांनी ती आपणहून मागून घेतली.

वाचायच्या त्या घरूनच. मागच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी टांगायची, कपाटाची दोन्ही दारं उघडायची आणि आतल्या कोट-स्वेटरांच्या गर्दीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे आवाज घुमत नाही. दुपारी दोन ते चार ही त्यांची वेळ. तेवढ्या वेळात यजमानांनी घरात शिंकायलाही परवानगी मागावी असा शिरस्ता. यजमान म्हणजे निवृत्त बसचालक. बाईंच्या शब्दाबाहेर नाहीत, पण थट्टेची एक संधी सोडत नाहीत.

बाईंचा कॉम्प्युटर जावयानं दिलेला. त्यानं नवा घेतला आणि जुना सासूबाईंना दिला, आतल्या सगळ्या सामानासकट. तो सुरू व्हायला इतका वेळ लागे की बाई बटण दाबून भाजी निवडायला बसत. “तुझा कॉम्प्युटर प्रत्येक थांब्यावर थांबतोय,” यजमान म्हणायचे, “उतरणारं कुणी नसलं तरी.” दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानदारानं झाकणही न उघडता निकाल दिला, “आजी, याच्यात दम नाही राहिला. नवा घ्या.” बाईंना ‘आजी’ जास्त लागलं. कॉम्प्युटर काखोटीला मारून त्या घरी आल्या आणि पुन्हा वाचायला बसल्या. उशिरा का होईना, चालतोय ना, मग झालं.

झालं नव्हतं. एका सकाळी त्यांना फोन आला. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी बोलत होती. जन्मापासून दृष्टी नाही. बाईंची तीन पुस्तकं तिनं ऐकून पाठ केलेली.

“बाई, रागावू नका, पण एक विचारायचं होतं. चौथ्या प्रकरणात तुम्ही म्हणता, धमकी देऊन घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य असतो.”

“ग्राह्य? छे! अग्राह्य.”

“तुमच्या आवाजात ‘ग्राह्य’च आहे. काल वर्गात सरांनी विचारलं, तर मी छातीठोकपणे तसंच सांगितलं. सगळा वर्ग हसला.”

बाईंनी फोन तसाच धरून ते प्रकरण लावलं. आपलाच आवाज, आपलाच ठसका, आणि ‘कबुलीजबाब’नंतर केसाएवढी फट. ‘अ’ गायब. पुढच्या पानावर एका शब्दाची शेपटी तुटलेली. त्याच्या पुढच्यावर पुन्हा एक फट.

“मी तर नीट वाचलं होतं गं,” बाई म्हणाल्या. “तुझी फजिती माझ्यामुळे झाली.”

“तुमच्यामुळे नाही. कॉम्प्युटरला मध्येच दुसरं काम लागतं आणि तेवढ्यात तुमचा शब्द निसटतो. माझ्याही कॉम्प्युटरवर व्हायचं. तुम्हाला वेळ आहे का आत्ता? समोर बसा आणि माऊस बाजूला ठेवा.”

“माऊसशिवाय?”

“मला तो कधी उपयोगाला आलाय? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा.”

बाईंनी दोन्ही हात लावून तीन बटणं दाबली. पडद्यावर कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला.

“आता दिसेल ते मला वाचून दाखवा,” मुलगी म्हणाली. “वाचण्यात तुमचा हात धरणारं कोण आहे!”

मग वाचनबाईंनी ‘स्टार्टअप’ची अख्खी यादी खणखणीत आवाजात वाचली. कॉम्प्युटर सुरू होताच न सांगता उठून बसणारे एकोणीस प्रोग्रॅम निघाले. जावयाच्या खेळांचं दुकान, गाण्यांचा प्रोग्रॅम, ऑफिसच्या बैठकांचे दोन, या घरात कधी न आलेल्या प्रिंटरचा एक, विकून टाकलेल्या मोबाइलचा एक. प्रत्येकापुढे तो सुरुवातीला किती भार टाकतो तेही लिहिलेलं.

“खेळांचं दुकान डिसेबल करा,” मुलगी म्हणाली.

“जावयाचं आहे गं. पुसलं गेलं तर?”

“काही पुसलं जात नाही. फक्त आपोआप उठणं बंद. हवा असेल तेव्हा तुम्हीच उघडायचा.”

यजमान दारात उभे राहून ऐकत होते. “म्हणजे बोलावल्याशिवाय यायचं नाही. नियम चांगला आहे, पण जावयाला कळू देऊ नको.”

मुलीनं एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली. ज्याचं काम काय ते माहीत नाही, त्याला हात लावायचा नाही; आधी शोधायचं, मग ठरवायचं. बाईंनी एकोणीसच्या एकोणीस नावं वहीत उतरवली आणि नऊ बंद केली. मग यादीत दोन अँटिव्हायरस निघाले. एक कॉम्प्युटरमधलाच, दुसरा जावयानं फुकट महिन्यासाठी आणलेला आणि मुदत संपूनही ठाण मांडून बसलेला. दुसऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन कायमचा निरोप दिला, पहिला ठेवला.

खरा चोर त्यानंतर सापडला. मुलीनं बाईंना ध्वनिमुद्रण सुरू करून काहीही वाचायला सांगितलं, आणि वाचता वाचता कोणता प्रोग्रॅम डिस्कला किती राबवतो ते दाखवणाऱ्या रकान्यावर नजर ठेवायला. बाईंनी हाताशी होतं ते खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला एक नाव यादीच्या डोक्यावर चढलं आणि आकडा शंभर टक्क्यांवर गेला. फायलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारा प्रोग्रॅम होता तो. बाई वाचताहेत तीच फाइल तो दर थोड्या वेळानं उचलून वर पाठवत होता.

“म्हणजे मी लिहितेय आणि हा माझ्या हातातली वही ओढतोय!”

“अगदी तसंच. वाचताना त्याला थांबवून ठेवा, वाचून झालं की परत सुरू करा. बंद नका करू, तुमची मेहनत सांभाळतोय तो.”

त्या दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा बाईंची भाजी निम्मीही निवडून झाली नव्हती. त्यांनी दहा पानं वाचली, ऐकली. एकही फट नाही.

आता बाईंच्या अंगात बळ आलं. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता त्यांनी आणखी तीन प्रोग्रॅम बंद केले आणि दोन तास जीव ओतून वाचलं. ऐकायला गेल्या तर कुठेतरी विहिरीतून बोलल्यासारखा बारीक आवाज. मुलीला फोन लावायचाही धीर होईना. शेवटी त्यांनी वही उघडली, तीनांतला एकेक परत सुरू करत कॉम्प्युटर बंद-चालू केला. तिसऱ्या खेपेला आवाज नीट आला. तो मायक्रोफोनचाच प्रोग्रॅम होता. संध्याकाळी त्यांनी मुलीला कबूल केलं, तेव्हा ती म्हणाली, “मीही एकदा स्वतःचा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमच बंद केला होता. कॉम्प्युटर मुका आणि मी आंधळी. भाऊ येईपर्यंत बसून राहिले.” दोघी बराच वेळ हसल्या.

पुढचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बाईंनी आपली तिन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून, छापील प्रत मांडीवर घेऊन, ऐकली. एक्केचाळीस ठिकाणी शब्द तुटले होते. आम्ही म्हटलं, अर्थ बदलतो तेवढीच ठिकाणं दुरुस्त करा. “कुठला शब्द परीक्षेत येईल हे तुम्ही ठरवणार का?” असं म्हणून त्यांनी एक्केचाळीसही ठिकाणं नव्यानं वाचली. दीड महिना गेला. केंद्रानं जुन्या फायली काढून नव्या चढवल्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तसं कळवलं.

ज्या विषयाच्या तासाला वर्ग हसला होता, त्याच विषयात मुलगी दुसरी आली. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा बाई फोन टेबलावर तसाच ठेवून शेजारच्यांना सांगायला गेल्या. यजमानांनीच फोन घेऊन अभिनंदन केलं.

त्यानंतर केंद्रानं आम्हा सगळ्यांना एका सकाळी बोलावलं. समोर खुर्चीवर ती मुलगी आणि शेजारी वाचनबाई. एक सांगत होती, दुसरी पडद्यावर दाखवत होती. माझ्या कॉम्प्युटरमध्ये असे तेवीस प्रोग्रॅम निघाले. त्यांतले सात कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही.

आता ती मुलगी एका वकीलबाईंच्या हाताखाली काम शिकते. गेल्या आठवड्यात तिनं जमिनीच्या कायद्यावरचं सहाशे पानांचं पुस्तक पाठवलं. बाईंनी ते हातात तोलून पाहिलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “कधीपर्यंत हवंय?”