नानांचा ‘वा!’

रेकॉर्डिंग म्हणजे वाजवणं थोडं आणि खोळंबाच फार. किस्से साठतात ते त्या खोळंब्यात. माझ्या लॅपटॉपमध्ये आमच्या ट्रायोचं एक फोल्डर आहे. त्यात संगीत जेमतेम, बाकी सगळे किस्सेच! आता तो पियानोही त्या खोलीत नाही, म्हणून सांगते.

ट्रायो म्हणजे आम्ही तिघं. पियानोवर मार्था टीचर, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या; वाजवायचो ते त्यांच्याच घरच्या खोलीत. व्हायोलिनवर मी. आणि चेलोवर नाना. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, मूळचे करकंब गावचे, आणि चिडले की बोलण्यात अजूनही पक्के करकंबचेच.

दिवाळीनंतर टीचर मुलाकडे बेंगळुरूला कायमच्या जाणार होत्या. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पियानो काही जाणार नव्हता. इतकी वर्षं एकत्र वाजवलं आणि एकही धड रेकॉर्डिंग नाही! का? तर म्हणे, "अजून जरा बसू दे." या ‘बसू दे’चा मला भयंकर राग येतो. ही माणसं बसून राहिली आणि वेळ उठून गेली.

* * *

पहिल्याच दिवशी मागच्या गल्लीतले यंत्रमाग खटाखट सुरू! मी कपाळाला हात लावला.

नाना म्हणाले, "त्यांच्या तालात वाजवू की. तबलजी फुकट मिळालाय!"

तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले. लॅपटॉप बॅटरीवर होता. मी खूण केली आणि आम्ही बसवलेल्या रचनेचा संथ भाग असा वाजवला, की माझ्याच अंगावर काटा आला. टीचरचा शेवटचा सूर हवेत विरत चालला होता…

"वा!"

"नाना! रेकॉर्डिंग चालू होतं!"

"मग? शिवी दिली व्हय मी?"

* * *

तसं पुन्हा कधी जमलं नाही. आजही त्या दुपारची हळहळ वाटते.

नाना लहानपणापासून गाण्याच्या बैठकांना बसलेले. छान काही कानावर पडलं की तोंड उघडणारच. मी ठरवलं, नवीन रेकॉर्डिंग कसं असतं ते यांना एकदा ऐकवू. याच रचनेचं नुकतंच निघालेलं, परदेशातलं एक रेकॉर्डिंग हेडफोनवर लावून दिलं. नानांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, चला, पटलं!

हेडफोन काढून म्हणाले, "लई स्वच्छ हाय."

"बघा!"

"फिनेल मारल्यासारखं."

* * *

मग मी सुपारी आणली. अख्खी.

"नाना, ही चावायची नाही. वाजवताना नुसती तोंडात धरायची."

नाना आज्ञाधारकपणे सुपारी धरून बसले. मधल्या एका वळणावर टीचरनी अशी काही जागा घेतली, की मी श्वास रोखून नानांकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. वा नाही. शाबास!

कट्ट!

माइकमध्ये तो आवाज बंदुकीच्या गोळीसारखा आला.

"ती सुपारी फुटली," नाना तोंडातले तुकडे सांभाळत म्हणाले. "मी काय बोललो न्हाय हां!"

* * *

शेवटी सॉफ्टवेअरला शरण गेले. गाण्यातून माणसाचा आवाज वेगळा काढणारं नवीन सॉफ्टवेअर. म्हटलं, लाइट गेलेल्या दुपारचा तो ‘वा’ तेवढा पुसू. पुसला! पण त्याच्याबरोबर चेलोचा सूरही पुसला गेला. दोन्ही एकच सूर! मी तिरमिरीत नानांना फोन लावला.

"नाना, तुम्ही सुरात कशाला ओरडता हो?"

"मग बेसूर दाद देऊ? घराण्याची अब्रू हाय की न्हाय आमच्या?"

* * *

टीचरचं सामान बांधायला सुरुवात झाली, त्या दिवशी माझा तोल गेला.

"नाना, तुमच्या सवयीपायी टीचरचं वाजवणं कुणी ऐकूच नये का? त्या गेल्यावर काय उरणार आपल्याकडे?"

नाना चेलोचा गज पुसत राहिले. मी टीचरकडे वळले.

"टीचर, आता तुम्हीच सांगा यांना, गप्प बसा म्हणून!"

टीचर पियानोवरची धूळ टिपत होत्या. म्हणाल्या, "अगं, जन्मभर शाळेत प्रार्थना वाजवली मी. शेवटची ओळ संपायच्या आत पोरं पळायची वर्गात."

"त्याचं काय इथं?"

"काही नाही. पण मी नाही सांगणार."

* * *

निघायच्या आदल्या दिवशी नाना आपण होऊन खुर्ची फिरवून बसले. तोंड दाराकडे, पाठ पियानोकडे.

"बाईंकडं बघितलं की येतंय बघ ते," मला म्हणाले. "लाव तुझं मशीन."

वाजवलं. एकदाच. शेवटचा सूर विरला, पार विरला, तरी कुणी काही बोललं नाही. स्वच्छ! पहिल्यांदाच! मी उडीच मारली. नाना चेलोला खोळ घालत राहिले. टीचरनी पियानोचं झाकण लावलं. त्या दिवशी चहासुद्धा कुणी मागितला नाही.

टीचर गेल्या. पियानो दुधनीच्या एका शाळेनं नेला. मी ते रेकॉर्डिंग नेटवर टाकलं आणि टीचरना नुसती लिंक पाठवली, कुठल्या दिवशीचं ते काही लिहिलं नाही. संध्याकाळी बेंगळुरूहून फोन आला.

"ऐकलं गं. छान झालंय. तुझं व्हायोलिन तर फारच गोड."

"आणि तुमचा पियानो? कुठ्ठं खोट नाही, टीचर!"

"हो. खोट नाही." मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी नाना आले नव्हते का गं?"