ऊबघरातली रोपं

माझी पुतणी सुष्मिता कोल्हापुरात वाढली ती दम्यामुळे फार जपून: थंडीत कानटोपी, पावसात शाळेला सुट्टी. तिच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर अशा मुलींना काचघरातलं फूल म्हणत. लग्न होऊन ती शिरोळला गेली, तर तिथे सासरे चनबसाप्पा तिला पॉलीहाऊसचं रोप म्हणू लागले. तिनं मग रोपं वाढवून विकायला खरोखरच पॉलीहाऊस मागितलं. सासऱ्यांनी उसाच्या रानातला तुकडा दिला, पण अट घातली. पहिल्या गिऱ्हाइकानं नावं ठेवली, की तिथे परत ऊस.

थंडीत कलिंगडाचं बी नीट उगवत नाही. म्हणून ती भट्टीवर तापवलेलं पाणी ट्रेखालच्या नळ्यांतून फिरवते. संक्रांतीनंतर मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा पहिली रोपं हिरवीगार उभी होती आणि पहिलं गिऱ्हाईक, केरबा, टेम्पो घेऊन दारात.

“आज देत नाही,” सुष्मिता म्हणाली. “ही अजून उबेतली आहेत. आठवडाभर बाहेर ठेवून, पाणी कमी करून त्यांना वाऱ्याची सवय लावते. मग न्या.”

“वैनी, मुहूर्त आजचा हाय. भटजींना इचारून आलोय.”

“रोपांनी कुठं भटजींना विचारलंय?”

“दे की त्याला,” चनबसाप्पा खाटेवरून म्हणाले. “एका पॉलीहाऊसच्या रोपाला दुसऱ्याचा लई कळवळा.”

“असणारच, आण्णा. मी इथं आले तेव्हा सासूबाई मला कोवळ्या उन्हातच रानात न्यायच्या. पहिल्याच दिवशी भर दुपारी उसात उभी केली असतीत, तर मी संध्याकाळी कोल्हापुरात असते.”

आतून सासूबाई मोठ्यानं हसल्या. केरबा हसला नाही. “मग दुसरीकडं बघतो,” म्हणाला.

सुष्मितानं त्याची मनधरणी केली नाही. एक ट्रे उचलून त्याच्या हातात दिला. “मुहूर्ताला एवढी लावा. बाकीची इथंच राहतील.”

टेम्पो जवळजवळ रिकामाच गेला. “उसाचं बेणं बघून ठिवतो,” चनबसाप्पा म्हणाले. ती रोपांचे ट्रे बाहेर मांडायला निघून गेली.

दोन-तीन दिवसांनी केरबा मोटरसायकलवरून आला, रिकामा ट्रे घेऊन. लावलेल्या रोपांनी उघड्या रानातल्या वाऱ्यात माना टाकल्या होत्या.

“आण्णा, ऱ्हायलेली रोपं कवा न्यायची?”

चनबसाप्पा पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, “मला काय इचारतोस? मालकीण तिकडं हाय.”