ताईंनी चाखलं म्हणजे झालं

ताईंना पाठचं भावंड एकही नव्हतं, तरी अख्खा बाजार त्यांना ताई म्हणे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बंद पडलेल्या छापखान्याच्या आवारात हा बाजार भरायचा. जे मांडायचं ते आसपासच्या मातीतलं आणि स्वतःच्या हातचं, एवढाच नियम. कुणी परसातले टोमॅटो आणी, कुणी मध, कुणी भट्टीतला पाव. ताई नाशपातीचा जॅम करत. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत त्या राहत, आणि जॅमच्या दिवशी जिन्यावरून जाणारा माणूस घटकाभर पायरीवर रेंगाळल्याशिवाय पुढे जात नसे.

पण बाजारात ताईंचा मान जॅममुळे नव्हता. तो त्यांच्या जिभेमुळे होता. बाजार उघडायच्या आधी प्रत्येकाने आपला जिन्नस झाकून ताईंच्या टेबलावर न्यायचा आणि ताईंनी चाखायचा, अशी पद्धत आपोआपच पडून गेली होती. जिन्नस चांगला असला की ताई वरचं फडकं काढून ठेवत. काही बिनसलं असलं तर करणाऱ्याच्या कानाशी लागून दोन शब्द सांगत, आणि तो जिन्नस मुकाट्याने टेबलाखाली जाई. टेबलाखाली काय आहे ते कुणी वाकून पाहायचं नाही, हा तिथला शिष्टाचार. पाववाला एकदा पिठात मीठ घालायला विसरला होता. तेव्हापासून 'ताईंनी चाखलं म्हणजे झालं' हे त्याचं पालुपद होऊन बसलं.

थंडी सरता सरता ताईंना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला, आणि मागोमाग चवही. सकाळचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आंबट, तिखट, कडू, सगळं एकाच पोत्यातलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. ही बातमी ताईंनी घरातही सांगितली नाही. त्यांचे यजमान जन्मभर विजेचे मीटर वाचत दारोदार हिंडलेले, बोलायला कमी आणि बघायला पक्के. ते हल्ली जेवताना पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसत. तो कशासाठी, हे ताईंना कळत होतं. दोघंही मूग गिळून होती.

जॅम त्या आता डोळ्यांनी आणि कानांनी करू लागल्या. बुडबुडे जड झाले, आवाज बसका झाला की गॅस बंद. थेंब थंड बशीवर टाकायचा, ओघळला नाही की झालं. गेल्या महिन्याचा बाजार त्यांनी असाच निभावून नेला, तोही माणसं वाचून. ज्याच्या मनात किंतु असतो तो चमच्याकडे बघतो नाहीतर खाली बघतो, आणि ज्याला खात्री असते तो सरळ डोळ्यांत बघतो, असा त्यांचा हिशेब. तो जमला.

मग हा रविवार उजाडला. यजमानांनी बरण्या पिशवीत भरताना एक चमचा जॅम तोंडात टाकला आणि झकास झालाय म्हणाले. ताईंना तेवढाच धीर आला.

बाजारात पाववाला आला, सरळ बघत होता. ताईंनी तुकडा चघळला, फडकं काढलं. मधवाली आली, तेही निभलं. मग शेळीवाली आली. गावाच्या टोकाला तिचं खोपट, चार शेळ्या आणि त्यांच्या दुधाचं चीज, यापलीकडे तिला उत्पन्न नव्हतं. तिने थाळी ठेवली आणि ताईंच्या चेहऱ्यावर नजर रोखून उभी राहिली. पापणीसुद्धा लवेना. एवढी खात्री तर पाववाल्यालाही नसते, असं ताईंच्या मनात आलं. त्यांनी चीज जिभेवर घोळवलं. ओल्या खडूसारखं काहीतरी होतं. त्यांनी फडकं काढलं.

शेळीवालीचा चेहरा मात्र खुलला नाही. उलट ती गोंधळल्यासारखी दिसली, हळूच थाळी उचलून आपल्या जागी गेली. हिशेब कुठेतरी चुकला होता, पण आता फडकं परत घालणार कसं?

बाजार उघडला. ताई बरण्या पुसायचं निमित्त करून शेळीवालीच्या टेबलाकडे बघत राहिल्या. पाववाल्याने चीजचा तुकडा तोंडात टाकला, चावता चावता थबकला, मग म्हणाला, काहीतरी वेगळं आहे, मुरलेलं दिसतंय. दुसरा म्हणाला, अशी चव जाणकारालाच कळते. मग काय, आपण जाणकार नाही असं कोण म्हणवून घेणार? माणसं खात होती, मान डोलवत होती, विकत घेत होती. आवाराच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाशी मात्र रांग लागली होती. प्रत्येक माणूस तिकडे वळला की ताईंचा जीव टांगणीला लागे.

तेवढ्यात त्यांच्या वन्सं आल्या. त्यांनी उभ्या जन्मात कुठली गोष्ट हळू सांगितलेली नव्हती. त्यांनी तुकडा खाल्ला आणि तो रुमालात काढला.

"हे कडू आहे," त्या म्हणाल्या. "औषधाची गोळी बरी."

"असं कसं होईल?" पाववाला म्हणाला. "ताईंनी चाखलंय."

"मग तूच खा ना उरलेलं."

पाववाल्याने बाणेदारपणे आणखी एक तुकडा तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर चावला. भोवतीच्या लोकांनी वन्संनाच वेड्यात काढलं. कुणी म्हणालं, वय झालं की जीभ बिघडते. वन्सं, ज्या कधी माघार घ्यायच्या नाहीत, त्यासुद्धा क्षणभर घुटमळल्या आणि भावजयीकडे बघू लागल्या.

ताईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. झाकली मूठ तशीच राहिली असती. पण त्यांना शेळीवाली दिसली. ती गर्दीच्या मागे उभी राहून आपल्याच चीजचा कण पुन्हा पुन्हा जिभेवर ठेवत होती, आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"वन्सं बरोबर बोलताहेत," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्यांना पुन्हा सांगावं लागलं. "मला चव कळत नाही. ताप आला तेव्हापासून. मी उगाचच फडकी काढतेय."

मग शेळीवाली पुढे आली.

"म्हणजे ते कडूच आहे ना, ताई?"

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळी मला कडूच लागलं. शेळ्या कुंपण मोडून कडू पाल्यात शिरल्या होत्या. म्हटलं, ताई कानात सांगतील, टेबलाखाली ठेव. तुम्ही फडकं काढलंत, तेव्हा वाटलं माझीच जीभ गेली. आता मी पोटासाठी करू काय, तेच कळेना." आणि ती हसली, डोळे पुसत.

अर्धं पिंप आपणच रिकामं केल्याची कबुली पाववाल्याने दिली, तेव्हा बाकीचेही हसले. घेतलेलं चीज एकेकाने आणून ठेवलं. पण ताईंना हसू येईना. त्या खुर्चीत टेकल्या. लाकडी चमचा त्यांनी दूर सारला. चव परत आली नाही तर या आवारात आपण कोण, हे त्यांना कळेना.

वन्संनी तो चमचा उचलला. जॅमची एक बरणी उघडली, चमचाभर जॅम तोंडात घेतला आणि डोळे मिटून सावकाश चाखला. ताई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या, अगदी सकाळी शेळीवाली बघत होती तशा. शेजारी उभे असलेले यजमान चपलांकडे बघू लागले, आणि ताईंना उत्तर तिथेच कळलं.

वन्सं वाकल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या कुणाच्या तरी कानाशी लागल्या.

"तळाला लागलाय, वहिनी."

ताईंनी मान हलवली. मग एकेक बरणी उचलून टेबलाखाली ठेवायला लागल्या. शेळीवालीने आपली थाळी आणून बरण्यांशेजारी सरकवली आणि ताईंच्या बाजूला बसकण मारली. माणसं पुढून जात होती, पाव घेत होती, टोमॅटो निवडत होती. वाकून कुणीच पाहिलं नाही.